चरित्र नंतर द्या, आधी हसू द्या

३१ जानेवारी १९२० ला मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, हे आपल्या चळवळीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. जयंतीच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास येतो. पण त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आणखी एक मासिक सुरू झाले, ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव ‘द ब्राउनीज बुक’. काढणारे होते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. तेच डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. हे मासिक कृष्णवर्णीयांच्या लहान मुलांसाठी होते. त्यात गोष्टी होत्या, कविता होत्या, खेळ होते, मुलांचे फोटो होते. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हात उंचावून नाचणारी एक काळी मुलगी होती.

काळ कोणता होता ते बघा. १९१९ चा उन्हाळा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी रक्ताचा गेला होता. शिकागो, वॉशिंग्टन अशा शहरांत त्यांच्यावर हल्ले झाले. जमाव माणसांना पकडून ठार मारत होते. डु बॉइस हे सगळे ‘द क्रायसिस’ मासिकात छापत होते. तेव्हा बारा वर्षांच्या एका मुलीने त्यांना कळवले की मी गोऱ्या माणसाचा द्वेष करते. त्या पत्राने ते अस्वस्थ झाले. अत्याचाराच्या बातम्या छापणे थांबवता येणार नव्हते. पण केवळ त्या बातम्यांवर लेकरे वाढवायची काय? उत्तर म्हणून त्यांनी लेकरांसाठी वेगळे, हसरे मासिक काढले. डिसेंबर १९२१ पर्यंत ते चालले. पुढे जगप्रसिद्ध झालेला कवी लँग्स्टन ह्यूज याचे अगदी सुरुवातीचे लेखन त्यात आले, आणि त्यातला एक लेख होता मेक्सिकोतल्या मुलांच्या खेळांवर.

मित्रांनो, शंभर वर्षे उलटली. आपल्या चळवळीने आपल्या चिमुकल्यांच्या हातात काय दिले?

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. दोन ते सहा वर्षांच्या लेकरासाठी आपण निवडायचे पहिले पुस्तक खेळकर चित्रपुस्तक असले पाहिजे. महापुरुषाचे चरित्र नको, सामान्यज्ञान नको, इंग्रजी एबीसीडीचा तक्ताही नको. याला कुणी चैन म्हणत असेल तर त्याला जातिव्यवस्था अजून नीट कळलेली नाही.

‘बोध काय घेतला?’

६ डिसेंबरला दादरला लागणारे पुस्तकांचे स्टॉल हा आपला अभिमान आहे. पोटाला चिमटा काढून आलेला माणूस परतताना पुस्तक घेऊन जातो. पण त्याच गर्दीत तीन वर्षांच्या मुलासाठी एखादे पुस्तक शोधून पाहा. संविधान मिळेल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मिळेल. बावीस प्रतिज्ञा मिळतील. मुलांसाठी म्हणून बाबासाहेबांचे सोपे चरित्र मिळेल. नुसती गंमत म्हणून उघडावे असे चित्रांचे पुस्तक मात्र शोधत फिरावे लागते.

विहारातल्या रविवारच्या वर्गांचेही तेच. चार वर्षांच्या पोरीला माईकसमोर उभे करतात. ती बाबासाहेबांच्या पदव्या घडाघडा म्हणून दाखवते. टाळ्या पडतात, मोबाईलवर व्हिडिओ निघतात. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नसतो. अर्थ न कळता पाठ करायचे आणि बिनचूक म्हटल्याबद्दल शाबासकी घ्यायची, ही कुणाची शिक्षणपद्धती आहे? ज्या पाठशाळेच्या दारातही आपल्याला उभे राहू दिले नाही, तिची. ती आपण आपल्याच विहारात आणून बसवली आहे.

गोष्ट सांगितली तरी शेवटी ठरलेला प्रश्न असतो: ‘यातून काय बोध घेतला?’ मूल बिचारे इतका वेळ माकडाच्या शेपटीत गुंतलेले असते. त्या प्रश्नासरशी त्याला समजते की गोष्ट हीसुद्धा परीक्षाच होती.

बुद्धचरित्र बाबासाहेबांच्या हाती आले ते मॅट्रिक झाल्यावर, १९०७ साली, केळुस्कर गुरुजींकडून. योग्य वयात हाती पडलेल्या पुस्तकाने पुढे काय घडवले, ते आपण जाणतो. तेच पुस्तक चार वर्षांच्या भिवाकडून कुणी पाठ करून घेतले असते तर?

जातीने बालपणही घेतले

जातीने आपले पाणी घेतले, जमीन घेतली, अक्षर घेतले, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. तिने बालपणही घेतले, हे सांगायचे राहून जाते. आठ वर्षांची पोर कडेवर भावंड घेऊन फिरायची. पोरगा गुरांमागे, वीटभट्टीवर, उसाच्या फडात जायचा. आजही जातो. खेळणे हे भरल्या घरच्या मुलांचे काम, असे ठरूनच गेले.

आज आपल्यातले काही शिकले, नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये राहायला गेले. पण तो जुना हिशेब डोक्यातून गेला नाही. पुस्तकावर पैसे टाकायचे तर त्यातून काहीतरी निघाले पाहिजे. मार्क निघाले पाहिजेत, नाहीतर इंग्रजी, नाहीतर स्वाभिमान. नुसता आनंद आपल्याला अजून परवडत नाही असे वाटते. मूल म्हणजे उद्या उपयोगी पडणारे दोन हात, हीच नजर जातीने आपल्याकडे बघताना वापरली. तीच नजर आपण आपल्या लेकरावर रोखतो, तेव्हा वाईट वाटते.

आता कायदा बघा. राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची दिशा राज्याला दिली होती. सहा वर्षांखालची मुले त्यातून वगळलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आतल्यांसाठी मात्र राज्य प्रयत्न करील, एवढेच उरले. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहापासून सुरू होतो. म्हणजे मेंदू सर्वांत वेगाने वाढतो ती वर्षे हक्काच्या बाहेर राहिली.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत त्यांना याने काही फरक पडत नाही. फरक आपल्याला पडतो. पहिलीच्या वर्गात बसताना एका मुलाच्या कानावरून शेकडो गोष्टी गेलेल्या असतात. पान कसे उलटायचे, चित्रावरून पुढचे कसे ओळखायचे, ‘का?’ कसे विचारायचे, हे त्याला खेळता खेळता आलेले असते. शेजारच्या मुलाने शाळेआधी पुस्तक हातात धरलेलेच नसते. सहाव्या वर्षी या फरकाला शाळा ‘हुशारी’ म्हणते आणि अठराव्या वर्षी याच फरकाला लोक ‘मेरिट’ म्हणतात. आरक्षणावर तोंड सोडणाऱ्यांना उत्तर देताना आपण अठराव्या वर्षापासून सुरुवात करतो. सुरुवात दुसऱ्या वर्षापासून करायला हवी.

अंगणवाडीत पुस्तके पोचतच नाहीत असेही नाही. वस्तीत काम करताना मी ती कुलूपबंद कपाटात पाहिली आहेत. फाटली तर हिशेब कोण देणार, हा सेविकाताईंचा धाक. दोष त्यांचा नाही. चुरगळलेल्या पुस्तकापेक्षा कोऱ्या पुस्तकाला मान देणाऱ्या तपासणीचा तो दोष आहे.

खेळकर म्हणजे निरुपद्रवी नव्हे

पण म्हणून दुकानातले रंगीत पुस्तक दिसले की उचलायचे, असेही माझे म्हणणे नाही. बाजारातल्या बाराखडीच्या पुस्तकात काय असते ते आठवा. ग गणपतीचा, य यज्ञाचा, ऋ ऋषीचा, भ भटजीचा. अक्षरओळखीच्या वयात एका वर्गाचे सगळे देवघर मुलाच्या डोळ्यांत उतरते. त्यावर आपला उपाय काय, तर भ भीमाचा आणि ब बुद्धाचा. ठीक आहे, करा. पण नाव बदलले तरी घोकंपट्टी तीच राहते.

यापेक्षा खोल जाते ते गोष्टीतले विष. पंचतंत्रातल्या गोष्टी विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शिकवण्यासाठी रचल्या, असे त्या ग्रंथातच सांगितले आहे. त्यातला निळा कोल्हा घ्या. कुत्रे मागे लागले म्हणून तो निळीच्या पिंपात पडतो, रंग बदलतो, जंगलाचा राजा होतो. एक दिवस दुसऱ्या कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून त्याचीही कोल्हेकुई बाहेर पडते आणि त्याला फाडून टाकतात. लबाडी उघडी पडते, हा वरवरचा बोध. खालचा बोध असा, की जन्माने कोल्हा असलेल्याने राजा होऊ नये, झाला तर त्याची जात त्याच्या आवाजातून कळतेच.

उंदरीची गोष्ट तर आणखी पुढे जाते. ऋषी एका उंदरीला मुलगी करतो, वाढवतो. लग्नाच्या वयात तिला सूर्य दाखवतो, ढग, वारा, पर्वत दाखवतो. तिला कुणीच पसंत पडत नाही. उंदीर दिसताच ती खुलते आणि पुन्हा उंदरी होऊन त्याच्याशी लग्न करते. किती गोड गोष्ट! चित्रेही छान निघतात. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी आपल्या निबंधात मांडले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. ते मर्म चार वर्षांच्या मुलाच्या मांडीवर आपण आपल्या हाताने ठेवतो.

उलट आपल्याच परंपरेत काय आहे ते बघा. जातकातला ससा बेलाच्या झाडाखाली पडलेला असतो. ताडाच्या पानावर बेलफळ आदळते. पृथ्वी फुटली असे समजून तो पळतो, त्याला पाहून सगळे प्राणी पळत सुटतात. हीच गोष्ट पुढे घरोघरी ‘आभाळ पडले, पळा पळा’ झाली. जातकात या गर्दीला एक सिंह थांबवतो आणि विचारत जातो, तू स्वतः पाहिलेस का? नाही? मग तुला कुणी सांगितले? असे करत तो सशापर्यंत आणि शेवटी बेलफळापर्यंत पोचतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, हा कालाम सुत्ताचा विचार यात आहे, आणि मूल तो हसत हसत घेते. पुनर्जन्माची चौकट बाजूला ठेवा, गोष्ट जागेवर उभी राहते.

चित्रकथा तरी आपल्याला परकी आहे काय? भारहुतच्या दगडी कठड्यावर जातके कोरली आहेत आणि त्यांची नावेही खोदली आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जातके भिंतभर रंगवली आहेत. हत्ती, माकडे, हरणे! अक्षर न येणाऱ्या माणसालाही धम्म चित्रातून वाचता यावा, याची सोय त्या लोकांनी केली होती. अर्थात आपले म्हणून डोळे झाकून घेऊ नका. सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव जातकातही आहे आणि तेही आवाजावरूनच पकडले जाते. चाळणी सगळ्यांना सारखी लावा.

बळी किंवा वीर, आणि मूल कुठे?

अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय माणूस दिसत होता तो फक्त ३४९ पुस्तकांत. मराठीत अशी मोजणी आपल्या अभ्यासकांनी करायला हवी. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मित्रांनो, विषय शोधत असाल तर हा घ्या.

पण दिसण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, कसे दिसायचे? १९६२ साली एझ्रा जॅक कीट्स या गोऱ्या ज्यू चित्रकाराचे ‘द स्नोई डे’ आले. पीटर नावाचा काळा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो. तो बर्फात पावलांचे ठसे उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो विरघळून जातो. बस, एवढीच गोष्ट. त्याला कुणी मारत नाही, तोही कुणाला हरवत नाही. तो खेळतो. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला तिथला चित्रपुस्तकांचा सर्वोच्च सन्मान, कॅल्डेकॉट पदक, मिळाले.

आपल्या मुलाला पुस्तकात दोनच जागा मिळतात. एक अत्याचाराच्या बळीची, दुसरी अत्याचारावर मात करणाऱ्या वीराची. बळीची जागा दयाळू सवर्ण लेखक देतो, वीराची आपण देतो. दोन्ही ठिकाणी मूल काहीतरी सिद्ध करायला उभे असते. चिखलात पाय बुडवणारे, मांजरामागे धावणारे, आजीच्या लुगड्यात लपणारे आपले मूल मला पानावर पाहायचे आहे. ‘भीमायन’ मोलाचे आहे. कांचा इलैया यांचे श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’ही मोलाचे आहे. दोन्हींत दुर्गाबाई व्याम यांच्या कुंचल्याची ताकद आहे. पण ती मोठ्या मुलांची पुस्तके आहेत. तीन वर्षांच्या लेकराची जागा अजून रिकामीच आहे. आपल्यात चित्रकार कमी नाहीत, लिहिणारे कमी नाहीत. ही जागा दुसरा कोण भरणार?

निवडायचे कसे?

तोपर्यंत जे मिळते त्यातून निवडावे लागेल. मी वस्तीत पुस्तके निवडताना पाच गोष्टी बघतो.

१. पुस्तक मुलाला काही करायला लावते का? शोधायला, मोजायला, आवाज काढायला, पुढचे पान उलटण्याआधी अंदाज बांधायला? शब्दांत नाही असे काही चित्रात दडले आहे का? असेल तर मूल ते तुमच्या आधी शोधते आणि मोठ्यांच्या पुढे गेल्याचा आनंद त्याला मिळतो.

२. शेवटच्या पानावर उपदेश आहे का? असेल तर खाली ठेवा. मूल ‘पुन्हा’ म्हणते ते पुस्तक खरे.

३. कोण खेळते आहे आणि कोण राबते आहे? काळा रंग कुणाच्या वाट्याला दिला आहे? वस्ती म्हणजे घाण, असे चित्र आहे का? झाडू मारणाऱ्या बाईला चेहरा आणि नाव आहे का? मांस खातो तो राक्षस आणि वरणभात खातो तो गुणी बाळ, असे तर नाही?

४. हसू कुणावर आहे? राजा, सावकार, वाघ यांची फजिती होत असेल तर खुशाल हसू द्या. जाड्या, बोबड्या, लंगड्यावर हसवत असेल तर ते पुस्तक खेळकर नाही, क्रूर आहे.

५. मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळत असेल, भाषा एकाच आळीची वाटत असेल, तर मूलही अडखळेल.

काही ठिकाणे सांगतो. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ बघा, रोजच्या घरातली माणसे आणि त्यांच्या गमती. घर मध्यमवर्गीय आहे, पण उपदेश नाही. महाश्वेतादेवींच्या ‘द व्हाय-व्हाय गर्ल’मधली शबर जमातीची मोयना पाच-सहा वर्षांच्या मुलांना भेटवा; शेळ्या राखणारी ती पोर ‘का?’ विचारून मोठ्यांना भंडावते. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीतही चित्रपुस्तके फुकट वाचता येतात, उतरवून छापता येतात, आणि परवाना मुक्त असल्याने वऱ्हाडीत, अहिराणीत, कोकणी बोलीत आपणच ती नव्याने सांगू शकतो. माझ्या यादीवरही विसंबू नका. मुलाच्या हातात पुस्तक द्या आणि बघा. अंतिम परीक्षक तेच.

आणि वाचायचे कसे? मांडीवर घेऊन, मुलाच्या बोलीत, घाई न करता. शुद्ध भाषेचा अट्टहास नको. आई-बाप कामावर असतील तर आजीला द्या. तिला अक्षर येत नाही? चित्र तर येते! बिनशब्दांचे चित्रपुस्तक ही तिच्यासाठी सर्वांत मोठी सोय आहे. जिला शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही, ती बाई नातवाला पुस्तक ‘वाचून’ दाखवते आणि दर वेळी वेगळी गोष्ट सांगते. वस्तीत मी हे पाहिले आहे. शिक्षणाचा प्रसार म्हणतात तो आणखी कसा असतो?

तीन आक्षेप

पहिला: रोज अत्याचार होत असताना ही कसली थेरं? याला डु बॉइस यांनी १९२० मध्येच उत्तर दिले आहे. लढणाऱ्या समाजाची लेकरे फक्त जखमेवर वाढली तर लढा पुढे न्यायला त्यांच्यात बळ कुठून येणार?

दुसरा: बाबासाहेब सांगितले नाहीत तर मुले भरकटतील. बाबासाहेब घरातल्या भिंतीवर आहेत, आईच्या गाण्यात आहेत, ‘जय भीम’मध्ये आहेत. ते कुठे जात नाहीत. पण पाठांतराने कंटाळलेल्या मुलाला ते भेटणे वेगळे आणि प्रश्न विचारायची चटक लागलेल्या मुलाला भेटणे वेगळे. दुसऱ्या मुलाला ते अधिक कळतील.

तिसरा: पैसे कुठून आणायचे? जयंतीच्या डीजेचे बिल भरताना हा प्रश्न पडत नाही, म्हणून मी त्याला उत्तर देत नाही.

येत्या १४ एप्रिलला प्रत्येक विहाराने एवढेच करावे. एक सतरंजी, वीस चित्रपुस्तके, वाचून दाखवणारे दोन तरुण, एक तास. भाषण नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही, ‘बोध काय घेतला’ नाही. नंतर ती पुस्तके कपाटात ठेवू नका, दर रविवारी वस्तीत फिरवा. फाटतील. फाटू द्या. पुढच्या वर्षी मंडळाच्या हिशेबात ‘फाटलेली पुस्तके’ असा एक रकाना ठेवा आणि जिथे तो आकडा मोठा असेल त्या विहाराचा सत्कार करा.

जय भीम!